केशरी प्रावरणाविषयी तक्रार : पाठ्यपुस्तक समित्यांना खुले पत्र

भूगोल आणि विज्ञान या विषयांची शालेय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

सादर नमस्कार.

मी गेली २२ वर्षे शाळेत भूगोल शिकवते. पृथ्वीच्या अंतरंगाचा पाठ या काळात मी चाळीसेक तुकड्यांना तरी शिकवला असेन, आणि त्यातील पहिली दहा-बारा वर्षे तो चुकीचा शिकवला, हे आधीच कबूल करते. फळ्यावर रंगीत खडूंनी मोठे वर्तुळ काढायचे, त्याला तपकिरी कडा द्यायची, आत केशरी प्रावरण (भूकवच आणि गाभा यांच्या मधला जाड थर), मग पिवळा बाह्य गाभा आणि मधोमध पांढरा गोळा भरायचा, केशरी भागावर छडी ठेवून “इथे सगळा उकळता शिलारस भरलेला असतो” असे सांगायचे आणि नावे व जाड्या वहीत उतरवून घ्यायच्या, ही माझी पद्धत होती. मुलांना चित्र आवडे, परीक्षेत गुणही पडत. पुस्तकात छापलेले चित्र माझ्या चित्राहून फारसे वेगळे नसल्यामुळे आपण काही भलतेच सांगत आहोत अशी शंका मला कधी आली नाही.

ती आली एका संग्रहालयात. काचेच्या पेटीत काळ्या बेसाल्टचा एक फोडलेला तुकडा ठेवला होता आणि त्याच्या फोडलेल्या बाजूवर, काळ्या दगडात घट्ट रुतून बसलेला, साखरेसारखा दाणेदार असा हिरवा गोळा होता. खालच्या चिठ्ठीत लिहिले होते की हा प्रावरणाचा तुकडा असून ज्वालामुखीतून वर येणाऱ्या लाव्हाने तो वाटेत उचलून आणला आहे. हिरवा रंग ऑलिव्हीन या खनिजाचा. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. ज्या थराला मी इतकी वर्षे केशरी रंगवत आले होते, त्याचा नमुना माझ्यासमोर होता, तो हिरवा होता, आणि मुख्य म्हणजे तो चांगला टणक दगड होता.

तिथल्या प्रचंड उष्णतेत हाच दगड तापवलेल्या लोखंडासारखा लालसर चकाकेल, असा युक्तिवाद कोणी करील आणि तो खोटा नाही. परंतु मूल केशरी रंग पाहून ‘तापलेला दगड’ असा अर्थ लावत नाही. त्याने चित्रांत आणि कार्टूनमध्ये लाव्हा पाहिलेला असतो, तो नेमका याच रंगाचा असतो, आणि त्यामुळे पृथ्वीच्या सुमारे ८४ टक्के आकारमानाचा हा थर म्हणजे लाव्हाचा समुद्र आहे, असे ते मनाशी पक्के करून टाकते. एरवी रंगाच्या प्रश्नावर मी आपला वेळ घेतला नसता. पण या एका रंगामुळे पुढचे जवळजवळ सगळे आकलन वाकडे होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पाठ झाल्यावर आठ दिवसांनी मी मुलांना कोरा कागद देऊन “पायाखाली सरळ खोदत गेलो तर काय काय लागेल, ते काढा” असे सांगते. बहुतेक कागदांवर वर मातीचा पातळ पापुद्रा, त्यावर घरे आणि झाडे, आणि पापुद्र्याखाली लगेच उसळणाऱ्या लाटा असतात. ज्वालामुखी काढणारी मुले त्याची नळी थेट गाभ्यापर्यंत नेऊन भिडवतात. भूपट्ट सरकतात हे त्यांना पाठ असते, पण ते या रसावर तराफ्यासारखे तरंगत असल्यामुळे सरकतात, अशी त्यांची समजूत असते. यातले एकही विधान आपल्या पुस्तकात शब्दांत लिहिलेले नसते, ती सगळी चित्रातून शिकलेली असतात.

वस्तुस्थिती अशी आहे की भूकवचाच्या तळापासून सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंतचे प्रावरण जवळजवळ संपूर्ण घन आहे. ज्वालामुखीतून बाहेर पडणारा शिलारस गाभ्यातून येत नाही. तो बहुतेक वेळा प्रावरणाच्या वरच्या भागात, काही दशके ते शे-दीडशे किलोमीटर खोलीवर, आणि तोही ठरावीक ठिकाणीच तयार होतो: महासागराच्या तळावरील पर्वतरांगांखाली वर सरकणाऱ्या खडकावरचा दाब कमी झाल्यामुळे, किंवा एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाताना सोबत नेलेल्या पाण्यामुळे खडकाचा वितळणबिंदू खाली आल्यामुळे. अशा ठिकाणीही खडकाचा लहानसा हिस्साच वितळतो. गाभा हा तर मुख्यतः लोह आणि निकेलचा आहे; ज्वालामुखीची नळी त्याला भिडलेली असती तर तिच्यातून वितळलेले लोखंड वाहिले असते, हे एवढे साधे वाक्यदेखील पुस्तकात असते तर वर्गातली निम्मी चुकीची चित्रे निघालीच नसती.

यावर मुलांचा हमखास प्रश्न येतो तो असा, की एवढ्या उष्णतेत दगड वितळत कसा नाही. याचे उत्तर दाबात आहे आणि ते प्राथमिक वर्गातही देता येते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सियसला उकळून वाफ होते, प्रेशर कुकरच्या बंद भांड्यात ते १२० अंशांच्या आसपास जाऊनही पाणीच राहते; दाब पदार्थाला दाटीवाटीच्या अवस्थेत धरून ठेवतो. हे उदाहरण उकळण्याचे आहे, वितळण्याचे नव्हे, हे मी मुलांना सांगूनच वापरते. पृथ्वीच्या केंद्राशी तापमान ५,००० अंशांच्या वर असूनही अंतर्गाभा घन आहे, कारण तिथला दाब पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट आहे.

घन असलेला दगड सरकतो कसा, हा दुसरा हमखास प्रश्न. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ साली सुरू केलेल्या एका प्रयोगात काचेच्या नरसाळ्यात डांबर भरून ठेवलेले आहे. हातोडी मारली तर ते काचेसारखे फुटते, पण १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड मोकळे केल्यापासून २०१४ पर्यंत त्याचे नऊ थेंब खाली पडले. साधारण दहा वर्षांत एक थेंब, ही कल्पना मुलांना अतिशय आवडते. पुढचा थेंब पडेल तेव्हा आपण कितवीत असू याचा हिशेब ती लगेच बोटांवर करू लागतात. प्रावरणाचा खडक असाच, वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे आपली नखे ज्या वेगाने वाढतात साधारण तितक्या वेगाने वाहतो. ‘घन’ आणि ‘वाहणारा’ हे शब्द एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, हे मुलाला एकदा उमगले की भूपट्टांचा पुढचा पाठ निम्मा सोपा होतो.

रंगाची तक्रार इथे संपते, आणि आता मूळ मागणीकडे येते. आपल्या पुस्तकांत हा पाठ ‘पृथ्वीचे तीन थर आहेत’ या वाक्याने किंवा त्याच्या आसपास सुरू होतो आणि हे कशावरून कळले ते पाठाच्या शेवटी, चौकटीत, बारीक अक्षरांत येते, किंवा येतच नाही. माझी विनंती आहे की हा क्रम उलटा करावा. आधी पुरावा, मग नावे. असे म्हणण्यामागे शिक्षणशास्त्राचा कोणताही सिद्धांत नाही. या पाठात पुराव्याला जितके महत्त्व आहे तितके शालेय भूगोलात क्वचितच दुसरीकडे असेल, एवढेच त्याचे कारण आहे. नदी, पठार, वाळवंट ही माणूस जाऊन पाहू शकतो; पृथ्वीच्या पोटात कोणी गेलेले नाही आणि जाणार नाही. तरीही २,९०० किलोमीटर खोलीवर काय आहे हे आपण ठामपणे सांगतो. हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला, तीच तर या पाठातली खरी गोष्ट आहे, आणि नेमकी तीच आपण गाळतो.

पुरावा म्हटले की भूकंपलहरी आल्या, आणि त्या लहान मुलांना झेपणार नाहीत, असा आक्षेप मी बैठकांमधून ऐकला आहे. म्हणून भूकंपाच्या आधीचा, त्याहून सोपा पुरावा मी कसा शिकवते ते थोडे तपशिलाने सांगते. मुलांना मैदानातून मुठीएवढे दगड आणायला सांगायचे. एकेक दगड दोऱ्याने बांधून स्प्रिंगच्या तराजूला लटकवायचा आणि वजन लिहायचे. मग तो तसाच लटकता ठेवून पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि पुन्हा वजन लिहायचे. एका मुलीच्या दगडाचे हवेतील वजन ५४० ग्रॅम भरले आणि पाण्यातील ३४०. फरक २०० ग्रॅम, म्हणजे दगडाने तेवढ्या वजनाचे पाणी बाजूला सारले. ५४० भागिले २००, बरोबर २.७. तिचा दगड पाण्याच्या २.७ पट जड. इतरांची उत्तरे २.५, २.८, ३ अशी येतात. एखाद्याचे ४ आले तर त्याने दगड पूर्ण बुडवलेला नसतो किंवा भागाकार चुकवलेला असतो. तराजू फिरता फिरता सगळ्यांची बोटे ओली होतात आणि फळ्यावर पंधरा-वीस आकडे जमतात.

मग मी फळ्याच्या दुसऱ्या टोकाला ५.५ हा आकडा लिहिते. १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञांनी प्रत्येकी सुमारे १५८ किलो वजनाचे शिशाचे दोन मोठे गोळे, दोन लहान गोळे आणि एक तार यांच्या साहाय्याने एका बंद खोलीत प्रयोग करून संपूर्ण पृथ्वीची सरासरी घनता काढली. ती पाण्याच्या साडेपाच पटीच्या अगदी जवळ आली, आणि आजचा स्वीकृत आकडा ५.५१ आहे. आपले दगड पावणेतीन आणि पृथ्वी साडेपाच. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून मी गप्प राहते. थोड्या वेळाने कोणीतरी “मग बाकीचे वजन कुठे गेले?” असे विचारतेच, आणि दुसरे कोणीतरी “आत” असे म्हणते. या ‘आत’ नंतर गाभा हा शब्द मी सांगितला काय आणि त्यांनी स्वतः शोधला काय, फारसा फरक राहत नाही. या सगळ्याला एक तास लागतो, आणि साहित्य म्हणून तराजू, दोरा आणि बादली पुरते.

भूकंपलहरींचा आक्षेपही मला तितकासा पटत नाही. वर्गातली बारा मुले एका रांगेत उभी करून प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यांवर हात ठेवायचे. मागच्याने हलकेच पुढे ढकलले की धक्का शेवटपर्यंत जातो. ही प्राथमिक लहर. मागच्याने डावी-उजवीकडे डोलायला सुरुवात केली की तेही शेवटपर्यंत पोहोचते, पण जरा सावकाश. ही दुय्यम लहर. आता मधल्या पाच जणांनी हात खाली सोडायचे आणि नुसते दाटीने उभे राहायचे. पुन्हा धक्का दिला की ती पाच जण एकमेकांवर आदळत तो पुढे देतात. पुन्हा डोलले की डोलणे चौथ्या मुलापाशीच थांबते. रांगेच्या टोकाला उभा असलेला एक मुलगा एकदा आपणहून म्हणाला, “बाई, मला धक्का आला, पण डोलणं आलंच नाही. मध्ये कोणीतरी हात सोडलेत.” त्याची पाठ त्या मुलांकडे होती, त्याने काहीही पाहिले नव्हते. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि म्हणून पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला त्या पोहोचल्या नाहीत तर मध्ये कुठेतरी द्रव आहे, हा निष्कर्ष त्याने आपल्या खांद्यांवरून काढला. हॅरल्ड जेफ्रीज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९२६ साली गाभा द्रवरूप असल्याचे मांडले, तेव्हा त्यांच्या हाती अधिक गणित होते, पण युक्तिवादाची जात यापेक्षा निराळी नव्हती.

या शोधांची माणसे आपल्या पुस्तकांत जवळजवळ नसतात, आणि असली तर ‘मोहो विलगता’ आणि ‘गटेनबर्ग विलगता’ अशा जोडशब्दांत गाडली गेलेली असतात. (विलगता म्हणजे दोन थरांमधली सीमा; पहिली भूकवच आणि प्रावरण यांच्यामधली, दुसरी प्रावरण आणि गाभा यांच्यामधली.) अनेक मुलांना मोहो हे एखाद्या ठिकाणाचे नाव वाटते. आंद्रिया मोहोरोव्हिचिच हे झाग्रेबच्या वेधशाळेत काम करणारे शास्त्रज्ञ होते. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी जवळच्याच कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला, तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या नोंदी जुळवताना त्यांच्या लक्षात आले की दूरच्या केंद्रांवर एकाच भूकंपाच्या प्राथमिक लहरी दोनदा आल्या आहेत. काही लहरी वरच्यावर सरळ आल्या होत्या, काही खोल जाऊन वळसा घालून आल्या होत्या, आणि लांब अंतरावर वळसा घेणाऱ्याच आधी पोहोचल्या होत्या. आडरस्त्याने सरळ निघालेल्या गाडीपेक्षा थोडा फेरा घेऊन महामार्गाला लागलेली गाडी आधी पोहोचते, तसेच हे. म्हणजे खाली लहरींना अधिक वेगाने जाऊ देणारा वेगळा खडक आहे, आणि जिथून तो सुरू होतो तिथे भूकवच संपते. व्याख्या पाठ करण्याऐवजी मुलाने ही गाड्यांची शर्यत एकदा वहीत काढली, तर मोहो त्याला जन्मभर विसरता येणार नाही.

गाभ्याचा पहिला भक्कम पुरावा १९०६ साली रिचर्ड ओल्डहॅम यांनी दिला. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते आणि १२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाचा त्यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्याच भूकंपाच्या दूरदूरच्या नोंदींत त्यांनी प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठीय लहरी एकमेकींपासून वेगळ्या ओळखल्या.

इंगे लेमान यांना मात्र एक अख्खे पान द्यावे, असा माझा आग्रह आहे. या डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ. गाभा पूर्ण द्रव असेल तर पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचा एक पट्टा प्राथमिक लहरींच्या सावलीत राहायला हवा होता, पण १९२९ च्या न्यूझीलंडमधील भूकंपानंतर त्या सावलीतही काही क्षीण लहरी नोंदल्या गेल्या. इतरांनी त्यांचे वेगळे स्पष्टीकरण देऊन विषय सोडला होता. लेमान यांनी तो सोडला नाही. त्यांच्याकडे संगणक नव्हता. भूकंपांच्या नोंदी त्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहीत आणि ती कार्डे ओटमीलच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवीत. सुटीच्या दिवशी बागेत टेबल मांडून, समोर ती खोकी ठेवून त्या काम करीत असल्याची आठवण त्यांच्या नातलगाने सांगितलेली आहे. १९३६ साली त्यांनी मांडले की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे आणि लहरी त्यावरून परतून सावलीत येतात. त्या शोधनिबंधाचे शीर्षक होते ‘पी डॅश’ (गाभ्यातून जाणाऱ्या प्राथमिक लहरीची खूण), बस्स एवढेच. अंतर्गाभा घन असल्याचा पक्का पुरावा मिळायला पुढे १९७१ साल उजाडले. लेमान यांनी तोही पाहिला. त्या १०४ वर्षे जगल्या. ज्या वयात मुले खोक्यांत बिल्ले, काडेपेट्यांचे छाप आणि कार्डे साठवतात, त्या वयात ही खोकी त्यांना जितकी जवळची वाटतील तितकी ‘अंतर्गाभ्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर’ ही ओळ कधीच वाटणार नाही.

पुराव्याला प्राधान्य दिले नाही तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्या पुस्तकांतच बसलेले आहे. खंडीय कवचाचा वरचा, ग्रॅनाइटसारखा भाग सियाल (सिलिकॉन-ॲल्युमिनियम), खालचा, बेसाल्टसारखा भाग सायमा (सिलिकॉन-मॅग्नेशियम), आणि दोघांच्या मध्ये कॉनरॅड विलगता, हे त्रिकूट अजून कित्येक पुस्तकांत आणि मार्गदर्शकांत आढळते. गाभ्याला निफे (निकेल-लोह) म्हणण्याची पद्धतही त्याच काळातली. ही नावे शंभरेक वर्षांपूर्वीची आहेत आणि त्या वेळी ती उपयोगीही होती. रशियाच्या कोला द्वीपकल्पावर १९७० साली वेधन, म्हणजे जमिनीत खोल छिद्र पाडण्याचे काम, सुरू झाले, तेव्हा सुमारे सात किलोमीटरच्या आसपास ग्रॅनाइट संपून बेसाल्ट लागेल, अशी अपेक्षा याच चित्राच्या आधारे केली होती. बेसाल्ट लागला नाही. लहरींचा वेग जिथे बदलत होता तिथेही ग्रॅनाइटी खडकच होता, फक्त रूपांतर झालेला, भेगाळलेला, आणि त्या भेगांत पाणी होते. १९८९ साली १२,२६२ मीटरवर हे वेधन थांबले, कारण तिथे अपेक्षेप्रमाणे १०० अंश नव्हे तर सुमारे १८० अंश तापमान होते आणि खडक पुढे नीट पोखरता येईना. माणसाने केलेल्या या सर्वांत खोल छिद्राची रुंदी एखाद्या ताटलीएवढी, २३ सेंटीमीटर आहे. हा प्रसंग पाठात आला तर पुस्तकातले चित्रदेखील तपासून पाहावे लागते, हे मुलाला आपोआप कळेल. तो येत नाही, आणि ज्या चित्राला त्याने धक्का दिला ते मात्र ‘जोड्या लावा’मध्ये दरवर्षी येते.

आता चित्राच्या प्रमाणाबद्दल. पानावर पाच सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ छापले तर ३५ किलोमीटर जाडीच्या खंडीय कवचाच्या वाट्याला जेमतेम पाव मिलिमीटर येते, म्हणजे ते छपाईच्या रेषेतच मावते. आपण ते अर्धा सेंटीमीटर जाड काढतो, कारण त्यात नाव लिहायचे असते. ही अडचण मला समजते. उकडलेल्या अंड्याची उपमाही याच कारणाने लंगडी आहे. अंड्याचे कवच त्याच्या आकाराच्या मानाने भूकवचापेक्षा जाडच असते. (अंड्याचा खरा उपयोग वेगळा आहे. एक कच्चे आणि एक उकडलेले अंडे टेबलावर गरगर फिरवून बोटाने क्षणभर थांबवावे; बोट उचलताच कच्चे पुन्हा फिरू लागते. न फोडता आतला द्रव ओळखता येतो, हे दाखवायला याहून स्वस्त साधन नाही.)

प्रमाणबद्ध चित्र पानावर मावत नसेल तर जमिनीवर काढण्याची कृती पुस्तकात द्यावी. ६४ सेंटीमीटर दोऱ्याला खडू बांधून वर्तुळ काढले की १ सेंटीमीटर म्हणजे १०० किलोमीटर हे प्रमाण मिळते. त्याच मध्याभोवती ३५ सेंटीमीटरवर गाभ्याची आणि १२ सेंटीमीटरवर अंतर्गाभ्याची कड येते. भूकवच काढायला मुले खडू उचलतात आणि थबकतात, कारण जमिनीवर आधीच ओढलेली खडूची रेघ चार-पाच मिलिमीटर जाड असते आणि तेच खंडीय कवच असते. महासागराखालचे कवच एक मिलिमीटरहून कमी. सर्वांत उंच शिखर त्याहून किंचित अधिक, पण तेही मिलिमीटरच्या आतच. कोलाचे छिद्र सव्वा मिलिमीटर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक रेघेच्या वर चार सेंटीमीटरवर फिरते आहे, हे सांगितल्यावर दरवर्षी कोणीतरी गुडघ्यांवर बसून बोटांनी ते अंतर मोजते.

हे सगळे बसवायला वेळ कुठून आणायचा, असे आपण विचाराल. माझे उत्तर असे की पाठातून बरेच काही काढून टाका. खालच्या वर्गांना भूकवच, प्रावरण, गाभा ही तीन नावे आणि गाभ्याचे दोन भाग एवढे पुरे आहे. सियाल, सायमा, निफे आणि कॉनरॅड यांना रजा द्यावी. शिलावरण (वरचा ताठर थर) आणि दुर्बलावरण (त्याखालचा मऊसर थर) हे शब्द वरच्या वर्गात, भूपट्टांसोबत आणावेत, आणि आणताना हे स्पष्ट करावे की भूकवच आणि प्रावरण ही विभागणी खडकांच्या घटकांनुसार केलेली आहे, तर शिलावरणाची विभागणी खडक किती ताठर आहे त्यावरून; सुमारे शंभर किलोमीटर जाडीच्या शिलावरणात भूकवच आणि प्रावरणाचा वरचा थर असे दोन्ही येतात. हा खुलासा नसल्यामुळे ‘भूपट्ट म्हणजे भूकवचाचे तुकडे’ असे लिहिणारी मुले मी दरवर्षी पाहते, आणि क्वचित तसे लिहिणारे मार्गदर्शकही. थर गुळगुळीत, एकात एक बसवलेल्या डब्यांसारखे नाहीत, हेही कुठेतरी यावे: प्रावरणाच्या तळाशी, आफ्रिकेखाली आणि पॅसिफिक महासागराखाली, खंडांएवढे दोन विशाल प्रदेश आहेत, ज्यांतून दुय्यम लहरी आजूबाजूपेक्षा सावकाश जातात, आणि ते नेमके कशाचे आहेत यावर अजून वाद चालू आहे. ‘अजून ठरलेले नाही’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात छापायला हरकत नसावी.

जे सदस्य प्रश्नपत्रिकांचे आराखडेही ठरवतात, त्यांना थोडे वेगळे सांगायचे आहे. पुस्तक कितीही सुधारले तरी ‘प्रावरणाची जाडी किती?’ हा एक गुणाचा प्रश्न कायम राहिला, तर वर्गात बादली आणि तराजू कोणी आणणार नाही. मीही किती दिवस आणीन सांगता येत नाही. त्याऐवजी असे विचारता येईल: ‘एका मोठ्या भूकंपाच्या नोंदी जगभरातील केंद्रांनी घेतल्या. भूकंपाच्या ठिकाणापासून सुमारे १०४ अंशांपलीकडील एकाही केंद्रावर थेट आलेल्या दुय्यम लहरी आढळल्या नाहीत, प्राथमिक लहरी मात्र त्यांतील काही केंद्रांवर उशिरा पोहोचल्या. यावरून पृथ्वीच्या अंतरंगाविषयी कोणता निष्कर्ष निघतो, ते कारणासह लिहा.’ लहान वर्गासाठी: ‘आपल्या परिसरातील दगडांची घनता सुमारे २.७ आणि संपूर्ण पृथ्वीची ५.५ आहे. दोन्ही आकडे बरोबर असतील, तर पृथ्वीच्या आतील भागाविषयी काय म्हणता येईल?’ अशा उत्तरांचे गुण देणे अवघड असते ही अडचण मी नाकारत नाही, कारण ते कागद शेवटी मलाच तपासायचे असतात.

पुस्तकाची संपूर्ण पुनर्रचना एका आवृत्तीत होत नाही, हे मला ठाऊक आहे. तोवर निदान एक गोष्ट पुढच्या छपाईत करता येईल, तिला पान वाढवावे लागत नाही की पाठ बदलावा लागत नाही. अंतरंगाच्या चित्राखाली एवढा मजकूर छापावा: ‘चित्रातील रंग थर ओळखण्यासाठी दिले आहेत, ते प्रत्यक्षातील रंग नाहीत. भूकवच या चित्रात प्रत्यक्षापेक्षा अनेक पट जाड दाखवले आहे. प्रावरण घन खडकाचे आहे. पूर्ण द्रव असलेला थर बाह्य गाभा हा एकच आहे.’ आणि चित्रकाराला शक्य असेल, तर प्रावरणाला हिरवा रंग द्यावा.

आपली नम्र,
भूगोलाची एक शिक्षिका